पिशवीत दगड

ताइवो धुराडी साफ करायचा. पेइप्सी सरोवराच्या आमच्या काठावर घर तिथे चूल आणि चूल तिथे धुराडं, त्यामुळे त्याच्या धंद्याला मरण नव्हतं. काळा कोट, काळी टोपी, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि त्याला लटकणारा लोखंडी गोळा असा तो रस्त्यानं निघाला, की पोरंटोरं तर सोडाच, चांगल्या शिकल्यासवरल्या बायकाही वाट वाकडी करून यायच्या आणि त्याच्या कोटाच्या पितळी बटणाला हळूच बोट लावून जायच्या. धुराडेवाल्याचं बटण शिवलं की नशीब उघडतं, असं आमच्याकडे मानतात. ताइवो बिचारा उभा राहायचा. अख्ख्या तालुक्याला असं नशीब वाटत फिरणाऱ्या या माणसाकडे स्वतःसाठी मात्र शहरातल्या पावाच्या दुकानावरची एक खोली, एक कॉट आणि एक रेडिओ एवढंच होतं. लग्न का नाही केलंस असं कोणी विचारलंच, तर म्हणायचा, "ज्या ज्या मला आवडल्या, त्या सगळ्यांना नाक होतं, आणि माझ्या अंगाला काजळीचा वास."

मूळचा तो दक्षिणेच्या टेकड्यांकडचा. तिकडे पाणी विहिरीत असतं आणि मासा बाजारात. पोहता येत नव्हतं, गळ कधी हातात धरला नव्हता. आमच्या गावात माणसाची किंमत त्यानं गेल्या हिवाळ्यात किती जाडीच्या बर्फावर पाय ठेवला यावरून ठरते, त्यामुळे ताइवोची फारशी कोणी ठरवलीच नव्हती. त्याला सगळे काजळ्या म्हणायचे. तोही ओ द्यायचा.

मेरिकेच्या घरी तो पहिल्यांदा गेला तो मे महिन्यात. मेरिके शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दोन मुलं पदरात, नवरा मेलिस गेलेला. सरोवरानं नेलं नाही त्याला, बर्फानंही नाही. होडीघरात जाळं दुरुस्त करत बसला होता, बसल्या जागी हृदय थांबलं. तर त्या मे महिन्यात ताइवोनं छपरावर चढून धुराड्यात डोकावलं आणि खाली येऊन सांगितलं, "आत कावळ्यांचं घरटं आहे. पिल्लं आहेत. ती उडेपर्यंत चूल पेटवू नका. मी पुन्हा येतो." आणि मग तो येतच राहिला. कधी पिल्लांना पिसं फुटली का बघायला, कधी शिडी राहिली म्हणून, कधी शिडी राहिली नव्हती तरी. एका घरट्याला इतक्या खेपा कोण घालतं, असं शेजारचा म्हातारा ओस्वाल्ड कुंपणावरून म्हणाला. जूनमध्ये पिल्लं उडाली. ताइवो काही उडाला नाही.

मेरिकेचा धाकटा योसेप सहा वर्षांचा. त्याला बाप आठवतच नव्हता, त्यामुळे त्याचं काम सोपं होतं. ताइवो आला की तो त्याच्या खांद्यावर आणि ताइवो बसला की त्याच्या मांडीवर. अवघड होती लाग्ले. दहा वर्षांची, हडकुळी, बापासारखीच कमी बोलणारी. ती ताइवोशी उद्धट वागली असती तर एक वेळ बरं झालं असतं. ती सभ्यपणे वागायची. "मीठ देता का?" "तुमचा हातमोजा खाली पडलाय." पोस्टातल्या बाईशी बोलावं तसं अहो-जाहो. नावानं हाक म्हणून एकदाही मारली नाही. एकदा ताइवोनं तिला शेंगदाण्याचं चॉकलेट आणलं, तर "आभारी आहे" म्हणून तिनं ते योसेपला दिलं.

दर रविवारी संध्याकाळी ताइवो आपली जुनी गाडी काढून शहरातल्या खोलीवर परत जायचा. तसं ठरलंच होतं. मेरिकेनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मला तू हवा आहेस, ते तुला माहीत आहे. पण हे घर लाग्लेचंही आहे. तिनं हो म्हटलं की तू सामान घेऊन ये. तोवर आहे तसं चालू दे." आणि लाग्लेला तिनं विचारलं तेव्हा लाग्लेनं बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "बर्फावर जाऊन आल्यावर सांगते."

आता हे बर्फावर जाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. फेब्रुवारीत शाळेला सुटी लागते. बर्फ हातभर जाड झालेला असतो. मग पहिला बरा रविवार बघून सगळं गाव लेकराबाळांसकट सरोवरावर उतरतं. स्लेजवर पेट्या, थर्मास, काळा पाव, धुरावलेलं डुकराचं मांस, पांघरुणात गुंडाळलेली तान्ही पोरं. बर्फाला भोकं पाडायची, वीतभर काठीला दोरा बांधून गळ सोडायचा आणि बसायचं. मेलिस गेल्यापासून मेरिकेच्या घरचं कोणी गेलं नव्हतं. यंदा ताइवो स्वतःच म्हणाला, मी मुलांना नेतो. मेरिके म्हणाली, "ने. पण मी येत नाही. मी आले तर लाग्ले दिवसभर माझ्या पाठीशी लपेल."

ताइवोनं महिनाभर तयारी केली. गिरमिट विकत आणलं, गळ आणले, बर्फ फुटून पाण्यात पडलंच तर काठाला रोवून वर यायला म्हणून गळ्यात अडकवायच्या टोकदार खिळ्यांच्या मुठीही आणल्या. मुलांसाठी आणि स्वतःसाठी बसायच्या पेट्या त्यानं आपल्या हातानं ठोकल्या. योसेपच्या हट्टापायी मात्र तो धंद्याचाच काळा कोट घालून आला. योसेपचं म्हणणं, बटणं बरोबर असलेली बरी.

त्या सकाळी काठावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. ओस्वाल्ड आपल्या घरी जोडलेल्या, फुगीर चाकांच्या गाडीला शिव्या देत होता, कारण त्याशिवाय ती चालू होत नाही. मेरिके मुलांचे मफलर आवळून बांधत होती. ताइवोनं स्लेजची दोरी खांद्यावर घेतली. तेवढ्यात लाग्ले त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताइवो, तुम्हांला आज खूप खूप मासे मिळू देत."

काठावर जो तो होता तिथेच थांबला.

बाकी जगात लोक "शुभ बोल नाऱ्या" म्हणतात. आमच्या काठावर मासे धरायला निघालेल्या माणसाला शुभ बोललं, की त्याचा दिवस गेलाच. त्याला म्हणायचं असतं, "पिशवीत दगड पडो." दगड म्हटलं की मासे पडतात. आणि मासे मिळोत म्हटलं, की सरोवराला कळतं आणि ते पाठ फिरवतं. हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही माहीत असतं. ज्याच्याशी पिढ्यांचं वैर आहे त्यालाही कोणी असं बोलत नाही, मनातल्या मनात म्हणतात. आणि त्याहून वाईट काय, तर ज्याला बोललं त्यानं वर धन्यवाद म्हणणं. दगड पडो म्हटल्यावरही धन्यवाद म्हणत नाहीत, मान फिरवून चालू लागतात.

आणि ताइवोचा चेहरा तर उजळून निघाला होता. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा पोरीनं त्याला नावानं हाक मारली होती, आणि तीही त्याचं भलं चिंतायला. "धन्यवाद, लाग्ले," तो म्हणाला. "अगदी मनापासून धन्यवाद."

ओस्वाल्डनं डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकून टाकलं. कोणीतरी बाई आपल्या पोरांची स्लेज ओढून बाजूला घेऊन गेली. मेरिकेनं डोळे मिटले. तिला सगळं कळलं होतं, पण तिथे चारचौघांत ती बोलली असती तर लाग्लेची छी-थू झाली असती आणि ताइवोचा तो उजळलेला चेहराही विझला असता. ती एवढंच म्हणाली, "जपून जा."

ते निघाले. ताइवो पुढे स्लेज ओढत, योसेप स्लेजवर, लाग्ले मागे. सरोवर असं पांढरं की आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. मध्येच कुठूनतरी खोल, लांबलचक हुंकार आला आणि पायाखालून निघून गेला. ताइवोच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं चेहरा शक्य तितका साधा ठेवला.

"घाबरलास?" योसेपनं विचारलं.

"नाही. का?"

"बर्फ जाड होतो तेव्हा ओरडतो. गप्प बसला की घाबरायचं."

"मग ओरडू दे," ताइवो म्हणाला.

काठ बराच मागे पडल्यावर एका सपाट जागी तो थांबला. गिरमिट फिरवायला ताकद लागते आणि ताकदीला तो कमी नव्हता. भोकं अशी सरळ पडली की ओस्वाल्डनंही लांबून बघून मान हलवली. झाऱ्यानं बर्फाचा चुरा काढला, गळाला लाल अळ्या लावल्या, तिघांच्या तीन पेट्या मांडल्या. लाग्लेनं आपली पेटी उचलून जरा लांब नेली आणि त्या दोघांकडे पाठ करून बसली.

आणि मग काहीच झालं नाही.

सगळीकडे मासे लागत होते. ओस्वाल्ड तर हाक मारावी इतक्या अंतरावर बसून एकामागून एक हिरवे पट्टेदार आहवेन मासे बर्फावर टाकत होता. पलीकडच्या पोरीनं मिटल्या डोळ्यांनी गळ सोडला तरी मासा येत होता. योसेपनं ताइवोचं वरचं बटण शिवलं. मग खालचं. मग सगळी बटणं वरून खाली आणि खालून वर. त्याचा गळ आपला पाण्यात लोंबत राहिला.

"ताइवो, तुझी बटणं संपली का?"

"संपत नाहीत ती. थंडीनं आखडली असतील."

योसेपला ते पटलं, पण त्याचा खालचा ओठ पुढे यायला लागला होता. ताइवोनं उठून लाग्लेकडे बघितलं. ती काठी हातात धरून बसली होती, दोरा मात्र काठीला गुंडाळलेला तसाच होता. तिनं गळ पाण्यात सोडलाच नव्हता. त्यानं योसेपला एक पाव दिला आणि तो ओस्वाल्डकडे गेला.

ओस्वाल्डला ऐकू कमी येतं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि तोही, आपण बोलतोय ते आपल्याला ऐकू यावं म्हणून, ओरडूनच बोलतो. बर्फावर आवाजाला अडवायला झाड नाही की भिंत नाही. त्या दिवशी त्या दोघांचं बोलणं निम्म्या गावानं ऐकलं.

"ओस्वाल्डआजोबा, मी काय चुकतोय?" ताइवो ओरडला.

"तू धन्यवाद म्हणालास, गाढवा."

"कोणाला?"

"त्या पोरीला. तिनं तुला शाप दिला आणि तू हात पसरून घेतलास. मासे मिळोत म्हणाली ना? इथे असं कोणी दुश्मनालाही म्हणत नाही. पिशवीत दगड पडो म्हणायचं असतं. ही मेलिसची पोर आहे, तिला हे माहीत नाही असं तुला वाटतं? तिला सगळं माहीत आहे."

काठावरची ती शांतता, थुंकणं, मेरिकेचे मिटलेले डोळे, सगळं एकेक करून ताइवोच्या लक्षात येत गेलं. त्याला राग आला नाही. त्याला लाज वाटली, आपण किती खूश झालो होतो त्याची.

"ऐकलंस का?" ओस्वाल्ड म्हणाला. "उतारा सोपा आहे. तिला घे, काठावर परत जा, तिच्याकडून नीट वदवून घे आणि नव्यानं ये. पोरगी आहे. कान धरून वदवून घे."

"नाही."

"काय?"

"नाही म्हटलं," ताइवो ओरडला. "तिला मी बोलायला लावणार नाही. ती माझ्याशी मनातलं एक अक्षर बोलत नव्हती. आज बोलली. मनात होतं तेच बोलली. आता मी तिला म्हणू, ते मागे घे? का, तर मला चार मासे हवेत म्हणून?"

"मग उपाशी बस."

"बसतो. तिचं उत्तर मला मिळालं, आजोबा. ती मोठी शहाणी आहे, सरळ विचारलं असतं तरी सरळ सांगितलं असतं, मलाच कळायला वेळ लागला. योसेपला एक मासा दाखवता आला तर दाखवतो आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर जातो. पण तिच्यावर कोणी आवाज चढवायचा नाही. तुम्हीही नाही."

ओस्वाल्डनं हातातला मासा त्याच्याकडे पुढे केला. "घे, पोराला दे. गळाला लागला म्हणून सांग."

"खोटं सांगू?"

"मासे धरणारा होणार आहेस की नाही?"

ताइवोनं मासा घेतला नाही. परत आला तेव्हा लाग्ले उभी होती. पेटी बंद केलेली, मफलर नाकापर्यंत ओढलेला.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"काठावर."

योसेपनं गळा काढला. मला एकही मासा मिळाला नाही, सगळ्यांना मिळाला, लाग्ले वाईट आहे, ताइवो तू सांग ना तिला. ताइवोनं त्याला उचलून स्लेजवर ठेवलं आणि सामान भरायला घेतलं. त्याला वाटलं, संपलं. इतकी तयारी, इतके रविवार, त्या सगळ्याचा शेवट हा असा भर दुपारी, उघड्यावर. पेट्या त्यानं एकावर एक रचून बांधल्या.

लाग्ले पुढे चालत होती. अर्धं अंतर गेल्यावर ती एकदम वळली.

"तू धन्यवाद का म्हणालास?"

ताइवो थांबला. ती तू म्हणाली होती. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं.

"मला वाटलं, तू चांगलं बोललीस."

"तुला काहीच कसं माहीत नाही? इतके दिवस इथे येतोस आणि एवढंही माहीत नाही? मी सगळ्यांसमोर वाईट बोलले आणि तू खूश झालास. किती खूश झालास तू." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते हातमोज्यानं रागारागानं पुसलं. "मला वाटलं होतं तू चिडशील. तू चिडला असतास म्हणजे मला आईला नाही म्हणून सांगता आलं असतं."

"अजूनही सांगता येईल," ताइवो म्हणाला. "मी चिडायची गरज नाही त्याला."

ती बराच वेळ बुटानं बर्फ खरवडत राहिली. स्लेजवर योसेप हुंदके विसरून ऐकत होता.

"मी गळ सोडलाच नाही," ती म्हणाली. "मी बाबांच्या शेजारी बसायचे. आज तुझ्या शेजारी बसून मासा लागला असता, तर मला मजा आली असती. मला मजा यायला नको होती."

ताइवो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, म्हणजे त्याला तिचा चेहरा दिसावा. "मी तुझ्या बाबांना कधी बघितलं नाही," तो म्हणाला. "लोक सांगतात, चांगले होते. त्यांच्या जागेवर मी बसत नाही, लाग्ले. बसायला मी माझी पेटी केलीय."

लाग्लेनं स्लेजकडे बघितलं. तीन पेट्या एकावर एक बांधलेल्या होत्या. त्याच्या पेटीचा एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड होता आणि सकाळभर तो त्यावर डुलत बसला होता, ते तिनं पाठ करून बसूनही पाहिलेलं होतं.

"ती वाकडी आहे," ती म्हणाली.

"आहे थोडी."

काठ आला. ताइवो स्लेज चढावरून वर ओढणार, तोच तिनं दोरी धरली. "वर नाही. इथेच. दोन्ही पाय मातीवर ठेव. योसेप, तूही उतर." तिघं गवताच्या वाळक्या काड्यांत उभे राहिले. लाग्लेनं श्वास घेतला, ताइवोकडे बघितलं आणि म्हणाली, "पिशवीत दगड पडो."

"धन्य..." ताइवोच्या तोंडून सुटलंच.

"ताइवो."

त्यानं तोंड मिटलं. गच्च मिटलं, गाल फुगवून, आणि मान फिरवून तरातरा बर्फाकडे चालायला लागला. लाग्लेला हसू आलं. रडता रडता हसू आलं की नाकातून जो विचित्र आवाज येतो, तो आला आणि त्यानं ती आणखीच हसली. योसेपनं मात्र हे सगळं गंभीरपणे घेतलं होतं. त्यानं गवतात शोधून एक चांगला गोलसर दगड काढला आणि पिशवीत टाकला. तो काढायला त्याला कोणीच सांगितलं नाही.

परत बर्फावर आल्यावर ताइवो सकाळच्याच भोकांकडे निघाला, तेव्हा लाग्ले म्हणाली, "तिथे कुठे? तिथे खाली नुसता चिखल आहे. तिथे मासा कशाला येईल?"

"म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"मग शापाची काय गरज होती?" ताइवो म्हणाला. लाग्लेचे कान लाल झाले.

ती त्यांना डावीकडे घेऊन गेली, लांबवर. पुन्हा पुन्हा काठाकडे वळून बघत होती. मग एका ठिकाणी थांबली आणि इकडेतिकडे बघून, जवळपास कोणी नाही याची खात्री करून, हळू आवाजात म्हणाली, "चर्चचा कळस आणि ओस्वाल्डआजोबांच्या होडीघराचं छप्पर एका रेषेत आलं की थांबायचं. खाली दगडांची रांग आहे. कोणाला सांगायचं नाही. बाबांनी फक्त मला दाखवलंय." योसेपला म्हणाली, "तू पण विसरून जा." योसेप म्हणाला, विसरलो.

आमच्याकडे माणूस मरताना घर वाटून देतो, जमीन वाटून देतो, पण माशांची जागा सांगताना दहादा विचार करतो. ताइवोला एव्हाना एवढं कळलं होतं. त्यानं काही न बोलता गिरमिट लावलं आणि अगदी जपून, आवाज न करता भोक पाडायचा प्रयत्न केला. तसं करता येत नाही, पण त्यानं केला.

पहिला मासा योसेपला लागला. कीस्क होता, बोटाएवढा, सगळ्या अंगाला काटे, मांजरही दोनदा विचार करून खाईल असा. योसेपनं तो हातमोज्यात घेतला आणि त्याला थंडी वाजेल म्हणून मोजा बंद केला. नंतर आणखी काही कीस्क आले. मग लाग्लेचा दोरा एकदम ताणला गेला आणि तिनं दोन्ही हातांनी भराभर ओढून एक जाडजूड आहवेन वर काढला, हिरवा, लाल परांचा, बर्फावर उड्या मारणारा. ती हसली. ताइवोकडे बघून मोठ्यानं हसली. मग एकदम काठाकडे, त्या कळसाकडे बघायला लागली. ताइवो आपल्या डुगडुगत्या पेटीवर मान खाली घालून बसून राहिला. थोड्या वेळानं तिनं नवी अळी लावली आणि गळ पुन्हा पाण्यात सोडला.

घरी मेरिकेनं वाटाण्याचं सूप केलं होतं आणि साय भरलेले गोड पाव. किती मासे मिळाले, असं तिनं विचारलं नाही. लाग्ले आत आल्या आल्या तिनं पोरीच्या तोंडाकडे बघितलं, मग ताइवोच्या, आणि कढईकडे वळली. योसेपनं दिवसभराचं सगळं एका दमात सांगून टाकलं, फक्त जागा सोडून. जागा मी विसरलोय, असं त्यानं आईला दोनदा बजावलं. मग अर्धा पाव हातात असतानाच तो टेबलावर झोपला.

बाहेर अंधारायला लागलं. लाग्ले टेबलाच्या टोकाशी बसून मासे साफ करत होती. उत्तराचा विषय कोणी काढला नाही. मेरिकेला विचारायचा धीर होत नव्हता. आणि ताइवोनं मनाशी ठरवलं होतं, की आजचा दिवस पोरीनं आपल्याला दिला, तेवढा पुरे, वर आणखी मागायचं नाही. एका दिवसात हसली म्हणून तिनं घर द्यावं, असा काही हिशेब नसतो. पण जायची वेळ झाली तशी त्याचा पाय निघेना. त्यानं कोट घातला, दाराशी बाकावर बसून एक बूट चढवला, दुसरा उचलला.

"उद्या वारा पडणार आहे," लाग्ले म्हणाली. मान खाली, सुरी चालूच. "वारा पडला की आहवेन पहाटेच लागतो. उजाडायच्या आत भोकं पाडून बसावं लागतं."

ताइवो बूट हातात धरून ऐकत राहिला.

"शहरातून येईपर्यंत तुला उशीर होईल."

मेरिकेचा सूप ढवळणारा हात थांबला. ताइवोला काहीतरी म्हणायचं होतं, पण या घरात काय म्हणायचं नसतं ते तो आजच शिकला होता, त्यामुळे तो नुसताच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याला सुचलं नाही.

लाग्लेनं वर बघितलं. "आणि तो बूट काढ," ती म्हणाली. "जमीन ओली होतेय."

ताइवोनं बूट काढला आणि दोन्ही बूट चुलीपाशी, घरातल्यांच्या बुटांच्या रांगेत, वाळत ठेवले.